सातवी खुर्ची

४ मार्च, मंगळवार

आजची सभा पाऊण तास चालली आणि चहा सोडला तर काहीही पास झालं नाही. निवडून येऊन वर्ष होत आलं, तरी मला या सभेचं कधी हसू येतं आणि कधी डोकं फिरतं. आम्ही तेरा नगरसेवक. सहा शेटचे, सहा मास्तरांचे, आणि तेरावे आजोबा, जे कुणाचेच नाहीत म्हणून अध्यक्ष झाले. शेटचं हार्डवेअरचं दुकान आहे, मास्तर शाळेतून निवृत्त झालेत. शेटनी विषय आणला की सहा हात इकडे, सहा तिकडे. मास्तरांनी आणला की तेच उलट. आजोबांनी मत दिलं तर निकाल लागेल, पण ते डोळे किलकिले करून म्हणतात, "आधी आपसात ठरवा, मग आणा." की गेला विषय पुढच्या सभेत.

याहून सोपी युक्ती म्हणजे उठून जाणं. सभेत निदान सात जण बसलेले लागतात. समोरचा एखादा गैरहजर दिसला की मास्तर चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि त्यांची माणसं एकदम उठतात. आमचे शेट पेनाला टोपण लावतात, की आम्ही उठतो. खाली सहाच उरले की सचिव घंटा वाजवून सभा संपली म्हणून सांगतात. मीही कितीदा तरी उठलेय. पहिल्यांदा टोपणाकडे लक्ष नव्हतं, तर शेजारच्या डेअरीवाल्यांनी कोपराने ढोसलं.

मी शेटच्या बाजूची आणि माझ्या थोरल्या जाऊबाई मास्तरांच्या. एकाच घरातून दोन नगरसेविका, लागूनच्या दोन वॉर्डांतून. आमच्या नवऱ्यांचा एकत्र छापखाना आहे. दोघींची पत्रकं तिथेच एकामागून एक छापली गेली आणि माझ्या पत्रकाच्या मागच्या बाजूला वहिनींच्या फोटोची शाई उमटली. दोघी एकाच ओट्यावर स्वयंपाक करतो, पण दोन्ही पुढाऱ्यांची ताकीद आहे की बाहेर एकत्र दिसायचं नाही. म्हणून सभेला वहिनी पुढच्या रस्त्याने जातात आणि मी मागच्या गल्लीने. सासूबाई म्हणाल्या, "निघताना दारात थोडं भांडून निघत जा, म्हणजे लोकांना खरं वाटेल."

९ मार्च, रविवार

पाळणाघराच्या ताई सकाळी शिलाई मशीनपाशी येऊन बसल्या. ब्लाउज शिवायला आल्या असतील असं मला वाटलं. पण मंडईमागचा तो हॉल मालकाला परत हवाय, एप्रिलअखेर खाली करायचाय. परिषदेने दुसरी जागा दिली नाही तर ताईंना दुसऱ्या खात्यात पाठवतील आणि पाळणाघर बंद.

माझी दोन्ही मुलं तिथेच वाढली. मंडईतल्या बायका पहाटे माल उतरवायला येतात तेव्हा पोरं तिथे झोपलेली असतात. त्यांच्याच मतांवर मी निवडून आलेय, आणि मतं मागताना दुसरं काही बोललेही नव्हते. पाळणाघर गेलं तर त्या बायका पोरांना टोपल्यांच्या मागे ठेवतील, नाहीतर काम सोडतील.

माझ्या वॉर्डात पाणीपट्टीचं जुनं ऑफिस रिकामं पडलंय. मी शेटना गाठलं. ते खूश झाले. म्हणाले, "झकास! पाटी मोठी लावू." नंतर कळलं की मास्तरांनी वहिनींच्या वॉर्डातलं वाचनालय सुचवलंय. तेही रिकामंच आहे. आता दोन जागा आणि एक पाळणाघर. पुढचं मला दिसायला लागलंय.

१४ मार्च, शुक्रवार

भाजी निवडताना वहिनींनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या पाणीपट्टीच्या ऑफिसला मागे नळ आहे का गं?"

मी म्हटलं, "बघायला हवं."

नळ आहे. पण मी कशाला सांगू? नळ नाही असं त्यांना कळलं तर सभेत सांगतील, आणि आहे असं कळलं तर गळका आहे म्हणतील. वहिनी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. इंजेक्शनची सुई माणसाला कळायच्या आत टोचायची त्यांना सवय आहे. मी विषय बदलला आणि भेंडी चिरायला घेतली. त्या म्हणाल्या, "भेंडी धुतली नाहीस."

२० मार्च, गुरुवार

आज जे पाहिलं त्याने अंगाची आग झाली. गिऱ्हाइकाचे कपडे देऊन येताना वाचनालयावरून आले. वाचनालय वरच्या मजल्यावर आहे. जिन्यात वहिनी! कडेवर पाळणाघरातलं एक गुटगुटीत पोर, दुसऱ्या हातात दुधाच्या बाटल्यांची पिशवी, आणि बाई हळूहळू वर चढतायत. वर पोचल्या, थांबल्या, दम घेतला, परत खाली आल्या. मग पुन्हा वर.

फोटोवाला कुठे उभा होता ते दिसलं नाही, पण असणारच. "बाळाला घेऊन नव्या पाळणाघरात नगरसेविका." असा फोटो मास्तर पेपरात छापून आणतील. पोराला उगाच चढवणं-उतरवणं, तेही या वयात आणि गुडघे दुखत असताना. मला वहिनींचा राग आला आणि थोडी कीवही आली. राजकारण माणसाला काय काय करायला लावतं.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "वहिनी फोटोसाठी जिना चढतील? त्यांना लग्नाच्या फोटोला बसवायलासुद्धा दादाला विनवण्या कराव्या लागल्या होत्या." हे नेहमीच त्यांची बाजू घेतात.

२७ मार्च, गुरुवार

माझी टेप दोन दिवस सापडत नव्हती. गिऱ्हाइकाचं माप घ्यायला दोरा वापरला आणि लाज गेली. आज दुपारी ऑफिस झाडून घेता येईल का ते बघायला गेले, तर कुलूप उघडं आणि आत वहिनी! माझ्या टेपने माझ्याच वॉर्डातली खोली मोजतायत! शिपायाकडून किल्ली घेतली म्हणे. शिपाई त्यांच्या हातचं इंजेक्शन घेऊन लहानाचा मोठा झाला, तो कसला नाही म्हणतो.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"मोरीला जागा पुरेल का बघतेय."

"कुणासाठी?"

वहिनींनी टेप गुंडाळली. म्हणाल्या, "पोरांसाठी. आणखी कुणाला मोरी लागते?"

मी टेप हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. माझ्या प्रस्तावात खोट काढायला त्या माझ्याच घरातली वस्तू वापरतात म्हणजे हद्द झाली. घरी आल्यावर त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी त्यांनी माझ्या मशीनला तेल घालून ठेवलेलं दिसलं. हा मानभावीपणाही मला कळतो.

३ एप्रिल, गुरुवार

मंगळवारी सभा. शेट म्हणाले, "आपले सहा आणि आजोबा मिळून सात. ते उठले तरी सभा चालू राहते, विषय पास. फक्त आपल्यातला एकही हलता कामा नये." डेअरीवाल्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की ते आदल्या दिवशीच येऊन बसतील. मी भाषण तयार करतेय. आरशासमोर म्हणून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "हात हलवू नकोस, माशा मारल्यासारखं दिसतं."

८ एप्रिल, मंगळवार

काय झालं ते नीट लिहून ठेवते, कारण मला अजून नीट कळलेलं नाही.

डेअरीवाले आले नाहीत. मास्तरांच्या ओळखीच्या कुणीतरी त्यांना सकाळीच दूध थंड करायचं मशीन दाखवायला परगावी नेलं आणि फोन लागेना. शेट घामाघूम. आम्ही पाच आणि आजोबा, सहा झालो. मास्तरांचे सहाही हजर आणि चेहरे साय चाटलेल्या बोक्यासारखे. आमचा विषय पुकारला गेला. मी उभी राहिले. पहाटेच्या मंडईचं, टोपल्यांमागे झोपणाऱ्या पोरांचं बोलले, हात न हलवता. मला वाटतं मी चांगलं बोलले. आजोबा जागे होते.

मी खाली बसले, आणि मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खुर्च्या सरकल्या. त्यांची माणसं उठून दाराकडे चालू लागली. सचिवांनी घंटेकडे हात नेला, मग हात तसाच ठेवून मोजायला लागले. पुन्हा मोजलं.

"सात," ते म्हणाले.

वहिनी उठल्या नव्हत्या. पर्स मांडीवर घेऊन समोर बघत बसल्या होत्या, बसची वाट बघत बसावं तशा. मास्तर दारातून परत आले आणि म्हणाले, "बाई, चला." वहिनी म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे." मास्तरांनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला. मग आजोबांनी मत विचारलं. आमचे पाच हात वर गेले आणि वहिनींचाही. पाळणाघर पाणीपट्टीच्या जुन्या ऑफिसात जाणार! पास!

शेटनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. म्हणाले, "तुझ्या भाषणाने दुश्मनसुद्धा विरघळला." आधी मला वाटलं वहिनींच्या पायाला मुंग्या आल्या असतील. मग वाटलं, खरंच भाषणाचाच परिणाम असेल. घरी मी मागच्या गल्लीने आले, त्या पुढच्या रस्त्याने. जेवताना त्यांनी मला नेहमीसारखी पोळी वाढली.

९ एप्रिल, बुधवार

न राहवून सकाळी विचारलं, "माझं भाषण आवडलं का?"

"बरं होतं," वहिनी म्हणाल्या. "थोडं लांबलं."

"मग तुम्ही बसून का राहिलात?"

त्या कणीक मळत होत्या. मळता मळताच बोलल्या, "वाचनालयाचा जिना चढून पाहिलायस कधी, पोर घेऊन? एका हातात पोर, एका हातात पिशवी, मग कठडा धरायचा कशाने? त्या ताई दिवसातून किती वेळा चढतील? एक दिवस कुणीतरी पडलं असतं. तुझी जागा तळमजल्यावर आहे, मागे नळ आहे, मोरीला जागा आहे. मी मोजलीय. मास्तरांना चारदा सांगितलं. ते म्हणाले, जागा चांगली आहे हो, पण त्यांची आहे ना."

मागच्या महिन्यात वीस तारखेला मी या वहीत काय लिहिलंय ते नंतर उघडून वाचलं. खोडावंसं वाटलं, पण तसंच ठेवलं. मला त्यांचा नळाचा प्रश्नसुद्धा कट वाटला होता. माझी मलाच शरम वाटली.

१५ एप्रिल, मंगळवार

शेटनी दुकानात बोलावलं. आत मास्तर बसलेले! एकाच बाकड्यावर दोघे, एकाच किटलीतला चहा पीत. निवडून आल्यापासून मी हे दृश्य पाहिलं नव्हतं. मला वाटलं समेट झाला. म्हटलं, चांगलंच झालं.

समेट झाला होता, पण वहिनींवर. पुढच्या सभेत वहिनींना आरोग्य समितीच्या सभापतिपदावरून काढायचा ठराव येणार आहे. मास्तर आणणार आणि शेट पाठिंबा देणार. मी म्हटलं, "पण त्यांच्यामुळे आपला विषय पास झाला." शेटनी मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. "आज मास्तरांची एक बसून राहिली. उद्या माझा एखादा बसेल. मग टोपण लावून मी एकटाच बाहेर जाऊन उभा राहू का?" मास्तर मान हलवत होते. मग शेट म्हणाले, की सभापतिपद मला द्यायचं ठरलंय. घरातल्या घरात राहील.

आरोग्य समिती म्हणजे वहिनींचा जीव. त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या त्या एवढ्याचसाठी. दवाखाना संध्याकाळीही उघडा राहावा म्हणून त्या वर्षभर कुणाकुणाच्या दारात गेल्यात. मी शेटना "बघते" म्हटलं. सरळ नाही म्हणायला हवं होतं. जीभ रेटली नाही.

१६ एप्रिल, बुधवार

ठरवलं होतं की राजीनामा द्यायचा. सकाळी ओट्यापाशी वहिनींना सगळं सांगितलं आणि हेही सांगितलं. वाटलं, त्या जवळ घेतील. त्यांनी लाटणं खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की दवाखान्यात लोक त्यांना का घाबरायचे ते कळलं.

"डोकं ठिकाणावर आहे का? पाळणाघर कुठल्या समितीकडे येतं?"

"आरोग्य."

"मोरी बांधायचीय, दार बसवायचंय, महिन्याच्या शेवटी पोरं हलवायचीत. तू नाही म्हणालीस तर कुणाला देतील? डेअरीवाल्याला. तो मशीन बघायला जाईल. पोरं हॉलबाहेर रस्त्यावर येतील. मी तिथे बसले ती काय यासाठी?"

"मग मी खुर्ची घेते, पण हात वर नाही करणार."

"करायचा. हात वर केला नाहीस तर शेट तुला खुर्ची देतील का? नीट वर कर. अर्धवट करू नकोस."

"लोक काय म्हणतील? सासूबाई?"

"काय म्हणायचंय ते म्हणू देत. आणि हे बघ, कुणाला सांगायचं नाही. यांनासुद्धा नाही, छापखान्यात काही लपून राहत नाही. आपण बोलून ठरवलं असं कळलं की दोघीही बाहेर." मग लाटणं उचललं आणि म्हणाल्या, "मला वाईट वाटणार नाही असं नाही. वाटेल. पण ते माझं मी बघेन."

२२ एप्रिल, मंगळवार

झालं.

ठराव मास्तरांनी वाचला. शिस्तभंग, विश्वासघात, असे शब्द होते. चष्मा टेबलावर नव्हता, टोपण पेनाला नव्हतं, कुणीही उठलं नाही. सगळी माणसं जागेवर बसलेली अशी सभा मी पहिल्यांदाच पाहिली. आजोबांनी "बाजूने?" विचारलं.

हात वर करायला किती वेळ लागतो? शिवताना मी हा हात दिवसभर उचलते. आज तो माझा नसल्यासारखा वाटला. मी तो वर केला, पूर्ण वर, अर्धवट नाही. वहिनी समोर बसल्या होत्या. माझ्याकडे पाहिलं नाही. पण हात वर गेला तेव्हा त्यांनी पर्सचं बक्कल उघडून मिटलं, एवढं मी पाहिलं. आजोबा म्हणाले, "विरोधात?" त्यावर वहिनींनी एकट्यांनी स्वतःचा हात वर केला, आणि काही जण हसले. मला त्या हसणाऱ्यांची तोंडं कधीही विसरता येणार नाहीत.

मग माझं नाव सुचवलं गेलं. टाळ्या वाजल्या. आजोबा मला म्हणाले, "अभिनंदन, पोरी," आणि मग हळूच, "घरी कशी जाशील?"

२५ एप्रिल, शुक्रवार

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या हातचा चहा घेत नाहीत. मी आठ वाक्यं बोलले तर हे एखाद्यालाच उत्तर देतात. कपडे शिवायला येणारी एक बाई तोंडावर म्हणाली, "सख्ख्या जावेला पाडून खुर्ची घेतलीस, पण काम झटपट करतेस हो." मोरी बांधून झाली. दोन दिवस मी गवंड्याच्या मागे उभी होते. उतार कुठे द्यायचा ते मला कसं कळलं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, कळतं.

ते मला ओट्यापाशी कळतं. वहिनी पोळ्या लाटता लाटता सांगतात, "दाराची कडी वर बसव, पोरांचा हात पोचता कामा नये." पाठीमागे सासूबाईंची पावलं वाजली की आवाज चढवतात, "माझ्या खुर्चीवर बसलीस, आता माझ्या पोळपाटावरही बस!" मला हसू आवरत नाही आणि तोंड लपवायला मी भांडी घासायला घेते. सासूबाईंना वाटतं मी रडतेय. त्याने त्या थोड्या निवळल्यात असं मला वाटतं.

पण दुपारी वहिनी एकट्या खोलीत बसल्या असताना मी दारातून पाहिलं. काही करत नव्हत्या. आरोग्य समितीच्या बैठकीची ही त्यांची वेळ असायची.

२ मे, शुक्रवार

पाळणाघर परवाच हललं. आज रीतसर उद्घाटन झालं. पाटी शेटनी सांगितली होती तेवढीच मोठी आहे. त्यावर शेट आहेत, मास्तर आहेत, आजोबा आहेत, शेवटी मी आहे. मंडईतल्या बायका कामाच्या कपड्यांतच आल्या आणि पोरांना आत सोडून मागे उभ्या राहिल्या. पाळण्यांत पोरं झोपलेली होती. ताई सारख्या डोळे पुसत होत्या. मी जे सांगून मतं मागितली ते समोर उभं होतं, आणि मला आनंद झाला, खरंच झाला. वहिनींना बोलावणं नव्हतं. त्या आल्या नाहीत.

मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी शेटचे आभार मानले, मास्तरांचे मानले, आजोबांचे, सचिवांचे, गवंड्याचे, किल्ली देणाऱ्या शिपायाचेसुद्धा. मग थांबले. एक नाव जिभेवर आलं होतं. समोर शेट बसले होते. ते नाव मी गिळलं आणि खाली बसले.

घरी आले तर वहिनी एकट्याच ओट्यापाशी होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "झालं भाषण?"

"झालं."

"लांबवलंस?"

"नाही."

"माझं नाव नाही ना घेतलंस?"

"नाही घेतलं."

"शहाणी," त्या म्हणाल्या.

मग मात्र मला रडू फुटलं. मी त्यांच्या पाठीवर डोकं टेकवलं आणि त्या तशाच, न वळता, उभ्या राहिल्या.